जेट बदलायच्या आधी हे बघा: उभी राहिलेली कार्बवाली गाडी स्लोमध्ये गचके का देते

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं आहे की १५० सीसीची सिंगल सिलेंडर कार्बवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर असलेली) बाईक सात-आठ महिने उभी होती, आता चालू होते पण चोक (थंड इंजिन चालू करायला ओढतात तो) बंद केला की आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर सोडल्यावर, टिकत नाही, हळू चालवताना गचके देते, ॲक्सिलेटर अर्ध्याच्या पुढे नेला की मात्र मस्त पळते, आणि चोक थोडा ओढून ठेवला तर स्लोमध्ये पण बरी चालते. मेकॅनिकने कार्ब साफ केला, नवा प्लग टाकला, फरक शून्य, आणि आता तो म्हणतोय मोठा पायलट जेट (स्लोमध्ये पेट्रोल सोडणारी कार्बमधली बारीक भोकाची नळी) टाकू या. टाकू का, असं विचारलंय.

माझ्या मते आत्ता नका टाकू. उभी राहायच्या आधी हीच गाडी ह्याच जेटवर नीट चालत होती ना? इंजिन तेच, फिल्टर तोच, सायलेन्सर तोच असं तुम्हीच लिहिलंय, मग सात-आठ महिन्यांत जेट आपोआप लहान कसा झाला? झालाच असेल तर तो कशानेतरी बुजलाय, आणि बुजलेलं आहे ते मोकळं करायचं सोडून मोठं भोक बसवणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. कदाचित मोठ्या जेटने गाडी बरी वाटेल सुद्धा, पण खरा दोष आत तसाच राहील आणि पुढे कधीतरी तो निघाला की गाडी रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होऊन प्लग काळा करायला लागेल, मग परत सगळं पहिल्यापासून.

आता एक गोष्ट आधी वेगळी काढा, जी बरेच जण एकत्र धरतात. गाडी कमी आरपीएमला खराब चालते, की ॲक्सिलेटर कमी उघडा असताना खराब चालते? रोजच्या चालवण्यात दोन्ही एकदमच येतात म्हणून एकच वाटतात पण कारणं वेगळी असतात. कार्बमध्ये कुठला जेट काम करणार हे मुख्यतः ॲक्सिलेटर किती उघडलाय त्यावर ठरतं. टॅपेट (वॉल्व्हची गॅप), कम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब), करंट (प्लगची ठिणगी) ह्यांचे दोष मात्र ॲक्सिलेटर कितीही असो, आरपीएम खाली आलं की जास्त दिसतात. हे ओळखायला मी काय करतो, ग्रिपवर कागदी टेपची एक पट्टी लावतो, शेजारी स्विचच्या डब्यावर पेनाने बंद, पाव आणि अर्धा अशा खुणा करतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी बाहेर काढतो. दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम चांगलं वर न्यायचं, मग ॲक्सिलेटर जवळजवळ बंद करून नुसता जरासा उघडा धरायचा. आरपीएम अजून वर आहे पण ॲक्सिलेटर पावच्या खाली आहे, ह्या वेळी गाडी गचके देत असेल तर दोष कार्बच्या स्लो सर्किटचा (पायलट जेट आणि त्याच्या वाटा) किंवा बाहेरून घुसणाऱ्या हवेचा. उलटं पण करून बघा, वरच्या गिअरमध्ये आरपीएम खाली येऊ द्या आणि ॲक्सिलेटर अर्ध्यापर्यंत उघडा, गाडी जड जाईल पण फटफट न करता सरळ ओढत असेल तर करंट आणि कम्प्रेशन बहुतेक ठीक. हे क्षणभरच करा, इंजिनला असं रडवत ठेवणं चांगलं नाही. आणि हो, हळू चालवताना गचके म्हणजे नुसती चेन सैल असेल तरी बसतात, ते आधी हाताने चेन हलवून बघून घ्या, पण चेनमुळे आयडलला गाडी बंद पडत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत तेवढंच कारण नसणार.

तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात मोलाची गोष्ट चोकची आहे. चोक कुठल्याही पद्धतीचा असो, हवा अडवणारी पट्टी असो की जादा पेट्रोल सोडणारा प्लंजर, तो मिक्श्चर रिचच करतो. गरम इंजिनला चोक ओढल्यावर गाडी सुधारते ह्याचा अर्थ ती लीन चाललीये. रिच असती तर चोक ओढल्या ओढल्या गुदमरून बंद पडली असती. म्हणजे घाण एअर फिल्टर, अडकलेला चोक, चढलेली फ्लोट लेव्हल (कार्बच्या खालच्या कटोरीतली पेट्रोलची पातळी) ही रिच करणारी सगळी कारणं बाजूला पडली. मात्र चोकची परीक्षा इंजिन गरम असतानाच घ्या, थंड इंजिनला चोक लागतोच, त्यावरून काही कळत नाही.

लीन म्हणजे एक तर पेट्रोल कमी मिळतंय किंवा हवा जास्त घुसतेय. लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

पेट्रोल कमी का पडावं, आणि ते फक्त स्लोलाच का, हे आकड्यात बघा म्हणजे पटेल. अशा गाडीच्या पायलट जेटचं भोक साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतं, मेन जेटचं १ मिलिमीटरच्या आसपास. आता कटोरीत पेट्रोल महिनोन्महिने राहिलं, त्यातला हलका भाग उडून गेला आणि मागे पिवळट चिकट थर उरला, समजा जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाडीचा. ०.३८ च्या भोकाला आतून चहूबाजूंनी हा थर बसला तर भोक उरलं ०.२८, म्हणजे पेट्रोल जायची जागा जवळजवळ निम्मी झाली. तोच थर १ मिलिमीटरच्या मेन जेटमध्ये बसला तर ०.९ उरतं, म्हणजे ऐंशी टक्के जागा शाबूत. म्हणून गाडी वर मस्त पळते आणि खाली मरते. ॲक्सिलेटर बंद असल्यापासून साधारण पावपर्यंत पायलटचा जोर असतो, पाव ते पाऊण नीडलचा (ॲक्सिलेटरबरोबर वरखाली होणारी सुई) आणि त्याच्या पुढे मेन जेटचा, त्यांच्या हद्दी एकमेकांत मिसळतात पण तुमची तक्रार सरळ पहिल्याच हद्दीत बसते. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि पायलटचं तोंड नेमकं तिथेच खाली असतं.

मेकॅनिकने कार्ब साफ केलाय असं तुम्ही लिहिलंय. त्याच्यावर शंका घेत नाही, पण साफ करणं म्हणजे काय केलं ते विचारा. बऱ्याचदा कटोरी उघडून स्प्रे मारून, मेन जेट फुंकून परत लावलेलं असतं. पायलट जेट मेनच्या शेजारी खोल नळीत असतो, बारीक आणि पितळेचा, नीट बसणारा अरुंद पेचकस नसला तर त्याची खाच खराब होते म्हणून हात लावायचं टाळलं जातं. (काही कार्बमध्ये तो ठोकून बसवलेला असतो, निघतच नाही, तिथे जागेवरच साफ करावा लागतो.) तो काढा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा. स्वच्छ जेटमधून अगदी गोल, कडक कडांचा प्रकाशाचा ठिपका दिसतो. ठिपका चंद्रकोरीसारखा किंवा कडेला तपकिरी झाक असलेला दिसला तर तो बुजलेला आहे, "थोडं तर दिसतंय ना" असं म्हणून सोडू नका. त्याच्या अंगाला आडवी बारीक भोकं असतात ती पण सगळी मोकळी हवीत. साफ करायला कार्ब क्लिनरमध्ये भिजवा, मऊ वायरची तांब्याची एकच तार घाला, वरून हवा मारा. टाचणी, सुई, स्टीलची तार अजिबात नको, ०.३८ चं भोक खरवडून ०.४० झालं तरी जागा दहा-अकरा टक्के वाढते आणि मग ही गाडी कधीच सेट होत नाही.

जेट साफ झाला म्हणजे सर्किट साफ झालं असं नाही हे मात्र नक्की लक्षात ठेवा. पायलटमधून निघालेलं पेट्रोल कार्बच्या अंगातल्या बारीक वाटांनी इंजिनाच्या बाजूला येतं आणि तिथे एक भोक मिक्श्चर स्क्रूच्या (आयडलचं मिक्श्चर कमीजास्त करणारा) टोकापाशी आणि एक किंवा जास्त बारीक भोकं स्लाइडच्या किंवा बटरफ्लायच्या (ॲक्सिलेटरने उघडणारी झडप) कडेपाशी उघडतात. ॲक्सिलेटर किंचित उघडला की ह्या कडेच्या भोकांचं काम सुरू होतं. आयडल ठीक पण उचलताना गचका अशी गाडी आली की मी पहिल्यांदा तिथेच बघतो. पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू दोन्ही काढून ठेवायचे, डोळ्यांना चष्मा लावायचा, आणि जेटच्या भोकात स्प्रेची नळी घालून दाबायचं. क्लिनर फिल्टरच्या बाजूच्या तोंडाशी असलेल्या बारीक हवेच्या भोकातून पण आला पाहिजे, स्क्रूच्या जागेतून पण आणि कडेच्या भोकातून पण. एक बोटाने बंद केलं की दुसऱ्यातून धार वाढली पाहिजे. एखाद्यातून नुसतं ओघळत असेल तर ती वाट अजून बंद आहे. चष्मा उगाच सांगत नाही, ती धार उलटी थेट डोळ्यात येते.

मिक्श्चर स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मगच काढा. बसला की थांबा, जोर लावला तर सुईसारखं टोक भोकात मोडून बसतं. स्क्रूमागून स्प्रिंग, बारीक वॉशर आणि एक इवलीशी ओ रिंग येते, ती ओ रिंग बहुतेक वेळा आतच चिकटून राहते आणि क्लिनरने फुगते नाहीतर स्प्रेच्या जोराने उडून जाते, कुणाला कळत पण नाही. माझ्याकडे एक गाडी अशीच आली होती, बाहेर पुन्हा पुन्हा कार्ब धुऊन झालेला, जेट चकाचक, लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी. स्क्रू काढला तर मागे ओ रिंगच नाही, आट्यांमधून हवा आत जात होती. नवी रिंग बसवली आणि गाडी आयडलला उभी राहिली. म्हणून साफ केल्यानंतर पण फरक नाही असं कुणी म्हटलं की मी साफसफाई परत करायच्या आधी हवा कुठून घुसतेय ते बघतो, कारण कार्ब काढून बसवतानाच ह्या चुका जास्त होतात.

हवा शोधायची पद्धत सोपी आहे. गाडी मोकळ्या हवेत चालू ठेवा, पाहिजे तर चोक थोडा ओढून आयडलला धरा, आणि साध्या पाण्याच्या स्प्रे बाटलीने इनलेट रबर (कार्ब आणि इंजिनामधलं), त्याच्या दोन्ही टोकांचे जोड, मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल इंजिनात नेणारी नळी) जिथे हेडला, म्हणजे सिलेंडरच्या वरच्या भागाला, लागतो ती जागा, एकेका ठिकाणी थोडं थोडं मारा. एखाद्या ठिकाणी मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर तिथे गळती. बरेच जण ह्याला कार्ब क्लिनर वापरतात, त्याने फरक ठळक कळतो पण गरम सायलेन्सरवर पडून पेट घ्यायची भीती असते, पाण्याने काम होत असताना तो धोका कशाला घ्यायचा. इनलेट रबर वरून ठीक दिसतं, खाली वाकवलं की भेगा उघडतात, तेव्हा हाताने वाकवून बघा. शंका असेल तर त्यावर ग्रीसचा जाड थर लावून गाडी चालू करून बघा, सुधारली तर रबर नवं टाका, ग्रीसवर चालवत राहू नका. काही गाड्यांना एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा वॉल्व्ह असतो, त्याला इनलेटवरून एक बारीक व्हॅक्यूमची नळी गेलेली असते, ती सुटलेली किंवा टोकाला चिरलेली असणं फार कॉमन आहे. व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक असेल तर त्याची नळी पण बघा. फिल्टर बॉक्सकडचं रबर नीट बसलंय का ते पण.

फ्लोट लेव्हल पण ह्याच वेळी बघून घ्या. कटोरीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बच्या कडेने उभी धरायची आणि ड्रेन स्क्रू सैल करायचा, नळीत पेट्रोल जिथे थांबतं ती आतली लेव्हल. मॅन्युअलमध्ये सांगितल्यापेक्षा खाली असेल तर सगळीकडेच लीन होतं पण स्लोला आधी जाणवतं. ड्रेनमधून आलेलं पहिलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन बघा, तळाला पाण्याचे थेंब किंवा गंजाची पूड दिसली तर टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण साफ केलेला जेट पुन्हा बुजणार.

आतापर्यंतचं धरून तुमचा क्रम असा राहील: ताजं पेट्रोल, मग हवेची गळती, मग पायलटची पूर्ण वाट, आणि हे तिन्ही झाल्यावरच मिक्श्चर स्क्रू. स्क्रूने सुरुवात करू नका, कारण दोष आत असताना सेट केलेला स्क्रू दोष निघाल्यावर चुकीच्या जागी असतो.

स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर रिच होतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढल्यावर लीन होतं. हे उलटं करणारे खूप आहेत. आणि आयडल स्क्रू (आयडलचं आरपीएम कमीजास्त करणारा) आधी खाली आणा. गाडी बंद पडू नये म्हणून तो बहुतेक वेळा वर चढवून ठेवलेला असतो, त्याने स्लाइड इतकी उचलली जाते की कडेची भोकं आयडललाच उघडी पडतात आणि मग मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, काही फरक कळत नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मॅन्युअलमधल्या फेऱ्यांवर स्क्रू ठेवा (माहिती नसेल तर दोन फेरे बाहेर ही सुरुवात म्हणून ठीक), आयडल जेवढं खाली टिकेल तेवढं खाली आणा आणि पाव पाव फेरा फिरवत आरपीएम सगळ्यात वर कुठे जातं ते शोधा. प्रत्येक वेळी थोडं थांबा, इंजिनाला बदल कळायला काही सेकंद लागतात. मग आयडल परत खाली, परत शोधा, आणि शेवटी मॅन्युअलप्रमाणे आयडल लावा, अशा गाड्यांना साधारण १४०० च्या आसपास असतं. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे गेल्यावरच गाडी खूश होत असेल तर अजून कुठेतरी पायलट बुजलाय किंवा हवा येतेय, परत मागे जा. सेट झाल्यावर ॲक्सिलेटर एकदा झटकन देऊन सोडा. आरपीएम वरच लटकून हळूहळू उतरत असेल तर अजून लीन आहे किंवा ॲक्सिलेटरची केबल ओढलेली आहे, हँडल दोन्हीकडे फिरवून आयडल बदलतं का बघितलं की केबलचा निकाल लागतो. आरपीएम आयडलच्या पण खाली जाऊन मग सावरत असेल तर रिच झालंय.

प्लगच्या रंगावरून काही ठरवू नका, निदान लांब चालवून आल्यावर काढलेल्या प्लगवरून तर नाहीच, तो रंग नीडल आणि मेन जेटचा असतो, पायलटबद्दल त्यात फारसं काही नसतं.

एवढं सगळं नीट होऊन पण तक्रार राहिली तर कार्ब सोडून द्या. टॅपेट टाइट असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कमी आरपीएमला कम्प्रेशन गळायला वेळ मिळतो आणि वर गेल्यावर तो मिळत नाही म्हणून वर ठीक वाटतं, आणि ही तक्रार गाडी गरम होईल तशी वाढते. टॅपेट थंड इंजिनवरच, पिस्टन कम्प्रेशन स्ट्रोकला वर असताना, मॅन्युअलच्या गॅपने सेट करा. दुसरं म्हणजे बॅटरी, कारण गाडी उभी होती. काही गाड्यांचं इग्निशन बॅटरीवर चालतं आणि आयडलला चार्जिंग कमी असतं, बॅटरी दमलेली असेल तर करंट तिथेच कमी पडतो. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावून बघितलं की कळतं. प्लग कॅप पण आटे फिरवून काढा, वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर थोडं कापून परत बसवा. तुमची गाडी चोकने सुधारते म्हणून मी ह्यांना शेवटी ठेवलंय. गरम झाल्यावर चोकने काहीच फरक पडत नाही असं दिसलं, तर मात्र ह्यांना वर घ्या आणि कार्ब नंतर बघा.

मोठा पायलट जेट कधी लागतो? सायलेन्सर किंवा फिल्टर मोकळ्या हवेचा लावला, इंजिनात काही बदललं, आणि वाट पूर्ण साफ, गळती शून्य असताना सुद्धा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढेच मागतोय, तेव्हा. तुमच्या गाडीत तसं काही नाही. उंच भागात राहत असाल तर तिथे हवा विरळ म्हणून मिक्श्चर उलट रिच होतं, म्हणजे त्या कारणाने पण मोठा जेट लागत नाही.

पाण्याच्या स्प्रेने कुठे आवाज बदलला का, काढायच्या आधी स्क्रू किती फेरे बाहेर होता आणि कुठल्या बाजूचा आहे, पायलट उजेडात कसा दिसला, एवढं बघून इथेच लिहा. जमलं तर पायलट जेटवरचा नंबर पण वाचून टाका, मधे कुणी बदलला असेल तर तो पण तपासून घेऊ.